बेब झहारियास : एक खेळाडू बाई

(मंडळाच्या श्रावणातील शुक्रवारच्या बैठकीत केलेले भाषण)



या वर्षी आपण प्रत्येकीने एकेका कर्तबगार स्त्रीविषयी बोलावयाचे ठरविले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, डॉ. आनंदीबाई जोशी ही नावे माझी पाळी येईपर्यंत संपली, म्हणून मी परक्या देशातली बाई शोधून काढली, असे तुम्हांला वाटेल. पण कारण निराळे आहे. ते ओघात सांगेन. मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी मला येत नाही. या बाईचे आत्मचरित्र १९५५ साली निघाले. ते माझ्या धाकट्या मुलीने कुठून तरी मिळविले आणि रोज संध्याकाळी मी भाजी निवडीत असता ती मला त्याचा अर्थ सांगत गेली. आणखी पुष्कळ माहिती तिने इतर ठिकाणची वाचून दिली. त्यात काही उणेअधिक झाले, तर तो दोष माझ्या ऐकण्याचा समजावा.

ही बाई गोल्फ खेळत असे. गोल्फ म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हते. मोठ्या थोरल्या हिरवळीवर दूर दूर अंतरावर अठरा खळगे केलेले असतात. लिंबाएवढा टणक चेंडू काठीने टोलवीत टोलवीत एकेका खळग्यात घालावयाचा, आणि सगळ्यांत कमी टोल्यांत अठराही खळगे जो पुरे करील तो जिंकला. क्रिकेटसारखी समोरून कोणी गोलंदाजी करीत नाही, की कोणी अडवीत नाही. आपला चेंडू आणि आपण. मुलगी म्हणाली, "आई, विटीदांडूसारखंच." मी म्हटले, विटीदांडूला एवढी जमीन लागत नाही. अमेरिकेत हा खेळ श्रीमंतांच्या क्लबांतला, आणि आमची बाई तर गरिबाघरची.

तिचे जन्मनाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. टेक्सास प्रांतातल्या पोर्ट आर्थर गावी १९११ साली ती जन्मली. पुढे मात्र ती स्वतः १९१४ सांगत असे. म्हणजे वय कमी सांगण्याची खोड सगळ्या मुलखांत सारखीच. आईबाप नॉर्वेहून आलेले. बाप जहाजावर काम केलेला, सुतारकामात वाकबगार. सात भावंडांत ही सहावी. घर पुढे बोमाँट या गावी आले. बापाने परसात मुलांसाठी उड्या मारावयाचे दांडे रोवले आणि झाडूच्या दांड्याला दोन्ही टोकांना इस्त्र्या अडकवून वजन उचलावयाचे साधन करून दिले. ही पोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंपणांवरून उड्या मारीत दुकानाला जायची. शाळेत असताना गोणपाटाची पोती शिवण्याचे काम तिने केले, पोत्यामागे एक सेंट. शिवणात हात असा चांगला की तिच्या एका पोशाखाला प्रदर्शनात बक्षीस मिळाले, असे तिने लिहिले आहे. आपल्या शिवणवर्गातल्या मुलींना हे मुद्दाम सांगते. ज्या बाईला वर्तमानपत्रे "ही बाई आहे की पुरुष?" असे टोचून विचारीत, ती आपले कपडे आपण शिवी.

डॅलस शहरात एका विमा कंपनीत तिला नोकरी लागली. नावाला टंकलेखनाची, पण खरे म्हणजे कंपनीच्या बास्केटबॉलच्या संघात खेळण्यासाठी. १९३२ साली अमेरिकेतल्या मैदानी खेळांच्या सामन्यांना कंपनीने तिला एकटीलाच पाठविले. एका बाईचा संघ! एकाच दुपारी ती आठ खेळांत उतरली. पाच जिंकली, सहाव्यात पहिल्या नंबराची वाटेकरीण झाली. तिचे एकटीचे गुण ३०. दुसऱ्या आलेल्या संघात २२ बाया होत्या आणि त्यांचे मिळून गुण २२. मी मुलीला हे आकडे दोनदा वाचावयास लावले. त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत यांत तिने सुवर्णपदके घेतली आणि उंच उडीत रौप्य. बायकांना तेव्हा तीनच खेळांत उतरू देत. नाहीतर आणखी किती घेतली असती कोण जाणे.

स्वभावाने ती फार बढाईखोर होती. सामन्याच्या आधी बायका कपडे बदलत असतील तेथे जाऊन म्हणायची, "मग, आज दुसरा नंबर कोणाचा?" आपल्याकडे अशा बाईला दुसऱ्या दिवशी कोणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही. तिच्या सोबतच्या पुष्कळ खेळाडूही तिच्यावर रुसून असत, आणि मला त्यात त्यांचे काही चुकले असे वाटत नाही. पण बढाई मारून ती स्वस्थ बसत नसे. गोल्फ शिकू लागली तेव्हा दिवसाला शेकडो चेंडू टोलवी. हाताची कातडी सोलून रक्त येई, तर पट्ट्या गुंडाळून पुन्हा सुरू.

१९३५ साली टेक्सासची बायकांची स्पर्धा तिने जिंकली. तेथल्या क्लबातल्या एका बड्या घरच्या बाईने आधीच म्हटले होते की, ट्रक हाकणाऱ्यांच्या मुली आमच्या स्पर्धेत नकोत. ही जिंकली, आणि थोड्याच दिवसांत संघटनेने ठरविले की तिने खेळावर पैसे मिळविले आहेत, ती धंदेवाईक आहे, तिला हौशी बायकांत खेळता येणार नाही. धंदेवाईक बायकांच्या स्पर्धा तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे घरातून काढली आणि अंगणही बंद केले. १९३८ साली ती लॉस एंजलिसला सरळ पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. तेथे हार झाली, पण खेळताना जोडीला आलेला जॉर्ज झहारियास नावाचा धिप्पाड पहिलवान तिला आवडला आणि वर्षअखेर दोघांचे लग्न झाले. लग्न जमण्याची अशी जागा मी पहिल्यांदाच ऐकली.

हौशी खेळाडूचा हक्क परत मिळण्यासाठी तिने काही वर्षे पैसे न घेता काढली. तो १९४३ साली मिळाला. १९४६ साली अमेरिकेची, १९४७ साली ब्रिटनची बायकांची हौशी अजिंक्यपदे तिची झाली. ब्रिटनचे घेणारी ती पहिली अमेरिकन. मधली एक गोष्ट मात्र मला खटकते. १९४५ साली एक स्पर्धा चालू असताना तिची आई वारली. लढाईचे दिवस, विमानात जागा मिळेना. बहिणीनेही सांगितले, खेळ पुरा करून ये. ती खेळली, जिंकली आणि मग मातीला गेली. मुलगी म्हणते, आईलाही तेच आवडले असते. असेल. मी तशी नाही, एवढेच म्हणते.

१९५० साली तेरा बायकांनी मिळून व्यवसाय म्हणून खेळणाऱ्या बायकांची संघटना काढली. ती एल.पी.जी.ए. या नावाने आजही आहे. बेब त्या तेरांतली एक. पहिली वर्षे कशी काढली ते ऐकण्यासारखे आहे. या गावाहून त्या गावाला आपणच मोटारी हाकीत जावयाचे, मैदान आपणच आखावयाचे, बक्षिसाच्या पैशांचे चेकही आपणच लिहावयाचे. आपले मंडळ सुरू झाले तेव्हा सतरंज्या आपणच घालीत होतो आणि वर्गणीही आपणच मागत फिरत होतो, त्याची मला आठवण झाली. लोक पैसे देऊन बघावयास येत ते बहुतेक बेबसाठी. प्रेक्षकांशी थट्टा करी, तोंडाने वाजवावयाचा बाजा वाजवी. या संघटनेच्या स्पर्धांत तिचे ४१ विजय नोंदले आहेत.

आता ज्यासाठी मी ही बाई निवडली ते सांगते.

१९५३ सालच्या एप्रिलात, तिच्याच नावाची स्पर्धा बोमाँटला जिंकून ती डॉक्टरकडे गेली. कित्येक महिने थकवा होता, अंगावर काढला होता. आतड्याच्या खालच्या टोकाला, गुदद्वाराशी, कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून तो भाग काढला आणि शौचाची वाट पोटावर काढून दिली. वय एक्केचाळीस. त्या काळी अमेरिकेतसुद्धा कॅन्सर हा शब्द लोक दबक्या आवाजात काढीत. त्यातून दुखणे अशा जागेचे. पण हिने लपविले नाही. काय झाले आहे, काय कापले आहे, ते वर्तमानपत्रांत छापून आले, ती स्वतः बोलली, पुढे पुस्तकात लिहिले.

भगिनींनो, माझ्या थोरल्या जाऊबाई तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक होत्या. या मंडळाच्या भजनात त्या पेटीवर बसत. त्यांना शौचावाटे रक्त जात होते. एकदा कपडे धुताना मी पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मूळव्याध आहे गं, कोणाला बोलू नकोस." मी बोलले नाही. सुरणाची भाजी करून घातली, ताक दिले. आठ महिने मी कोणाला बोलले नाही. माझ्या नवऱ्याला नाही, भावजींना नाही. पुरुषांना हे कसे सांगावयाचे, हाच विचार. डॉक्टरकडे नेले तेव्हा फार पुढे गेले होते. त्या गेल्यावर विचारावयास आलेल्यांना आम्ही "पोटाचे दुखणे" एवढेच सांगितले, आणि ते सांगणारी मीच होते. आज त्यांच्या मुलांना विचारून मी हे बोलते आहे. वेळेवर नेले असते तर त्या वाचल्याच असत्या, असे मी म्हणत नाही. ते कोणाला ठाऊक? पण आठ महिने होते, आणि ते मी सुरणात घालविले.

बेबच्या गोष्टीतही एक लपवालपवी आहे. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना दिसले की रोग गाठींमध्ये उतरला आहे, तो परत येण्याचा फार संभव आहे. हे त्यांनी तिच्या नवऱ्याला आणि बेटी डॉड नावाच्या तिच्या तरुण खेळाडू मैत्रिणीला सांगितले. बेबला सांगितले नाही. सगळ्या जगाला आपले दुखणे सांगणाऱ्या बाईला तिचे अर्धे दुखणे ठाऊकच नव्हते. त्या मैत्रिणीने तिची शुश्रूषा पोटच्या पोरीसारखी केली, पण हे पोटात ठेवले. त्यांनी चूक केली का? मुलगी ताडकन "हो" म्हणाली. मला तसे चटकन म्हणता येत नाही.

कारण पुढे काय झाले ते पाहा. ऑपरेशनला चार महिने व्हायच्या आत ती शिकागोजवळ स्पर्धेला उभी राहिली. तिसऱ्या दिवशी काही केल्या चेंडू सरळ जाईना, तेव्हा बाजूला बसून रडली. नवरा आणि मैत्रीण म्हणाली, सोडून दे. ती म्हणाली, मध्येच सोडणारी मी नव्हे, आणि उठली. १९५४ च्या जुलैत पीबडी या गावी अमेरिकेतली बायकांची सर्वांत मोठी स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस खळगे खेळावयाचे, ते पायी चालून. पोटावर ती वाट घेऊन ती खेळली आणि १२ टोल्यांच्या फरकाने जिंकली. असे ऑपरेशन झालेल्या माणसांची पत्रे तिला सारखी येत. आपल्याला बघून त्यांना धीर यावा, असे ती म्हणे. कॅन्सरच्या प्रचारासाठी गावोगाव बोलली, त्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडेही जाऊन आली. मागचे सारे तिला सांगितले असते तर ती त्या वर्षी खेळली असती, की घरी बसली असती? मी पुष्कळ विचार केला, मला ठरविता आले नाही.

१९५५ साली पाठ धरली. प्रथम मणक्याचे ऑपरेशन झाले. मग कळले की रोग परत आला आहे. या वेळी तिला सांगितले. त्या वर्षीच्या नाताळात ती फोर्टवर्थ गावी जुन्या स्नेह्यांकडे होती. एके दिवशी म्हणाली, मला एकदा गोल्फचे मैदान पाहावयाचे आहे. झोपावयाच्या कपड्यांवर झगा घातलेला, तशीच तिला मोटारीतून नेली. ती हळूहळू खळग्याजवळच्या हिरवळीपर्यंत चालत गेली, वाकली आणि तळहाताने गवत चाचपून परत येऊन गाडीत बसली. हे ऐकताना माझ्या हातची मेथी तशीच राहिली.

२७ सप्टेंबर १९५६ रोजी गॅल्व्हस्टनच्या रुग्णालयात ती गेली. पंचेचाळीस वर्षांची होती. म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठी. २०२१ साली तेथल्या सरकारने तिला मरणोत्तर मोठे पदक दिले. शेवटच्या दिवसांत तिच्या खोलीच्या कोपऱ्यात तिच्या गोल्फच्या काठ्या उभ्या करून ठेवलेल्या असत.

मी फार वेळ घेतला. पुढच्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना बोलवावे, असे मी अध्यक्षबाईंना सुचविले आहे आणि त्या येतो म्हणाल्या आहेत. ज्यांना चारचौघींत विचारता येणार नाही, त्यांच्यासाठी त्या नंतर मागच्या खोलीत थांबणार आहेत. दार लावून घेता येते.