वस्तू आहे, बाई कुठे?

(मावळातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे लोणावळ्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



गावातल्या वाचनालयात बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं आणि मागच्या मोकळ्या जागेत बाग करायची, असा तुमचा बेत आहे. तो रांगोळी, पाककृती आणि हळदीकुंकू यांवरच थांबू नये, म्हणून बोलते आहे.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वीस हजारांच्या घरातल्या वस्तू. अडकित्ते, वज्र्या, दिवे, फण्या, स्वयंपाकाची भांडी. तलवारी जमवणारे पुष्कळ असतात. बाईच्या हातातली रोजची वस्तू जपण्याजोगी आहे हे या दोघांनी ओळखलं, याचं मला फार मोल वाटतं. पण वज्री पाहताना मनात येतंच, ही कुणाच्या टाचेला लागली असेल? धातू, प्रदेश, काळ सांगता येतो. वापरणारीचं नाव मात्र वस्तूबरोबर बाजारात येत नाही. शिवाय संग्राहकाचा डोळा नक्षीकडे जातो. आवणीच्या पावसात वाकलेल्या बाईच्या पाठीवरच्या इरल्याला कसली आलीय नक्षी?

नाव कसं टिकतं ते पाहायला मात्र पुण्याला जायला नको. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी तुमच्या शेजारची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत बायका आहेत. भाज्याला बाधा नावाच्या बाईचं दान आहे. ती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. राणी नाही, सावकारीण नाही! बेडशाला पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका आहे. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला हजारो बायका चढतात, देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. तिथे कोडी नावाच्या भिक्षुणीने कठड्याचं नक्षीकाम दिल्याचं कोरलेलं आहे.

आता जरा बारकाईने पाहा. बाधा कुणाची तरी बायको आहे. सामडिनिका महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची दुसरी बायको. कोडी तर घरदार सोडलेली भिक्षुणी, तिच्यापुढेही ‘घुणिकाची आई’ असं लिहिलंय! म्हणजे दान तिचं, आणि ओळख नात्याची. आपल्या रेशनकार्डाशी ताडून पाहा. तरीही नाव आहे. ते कोरलं नसतं, तर आज भांडायलाही काही उरलं नसतं.

म्हणून प्रदर्शनात प्रत्येक इरल्याखाली, खुरप्याखाली, गोधडीखाली चिठ्ठी हवी: कुणी विणलं, कुणी वापरलं, किती वर्षं, दिवसाची मजुरी काय मिळायची, आणि त्याच कामाला पुरुषाला किती. हा शेवटचा रकाना गाळू नका, कुणी कितीही डोळे वटारले तरी.

बागेत गुलाब लावायचे असतील तर लावा. पण एक वाफा टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं यांचा करा. ठाकर आणि कातकरी बायकांना बोलवा. त्या रस्त्याच्या कडेला करवंदं विकतात तेव्हा आपण घासाघीस करतो, इथे त्या शिकवतील आणि आपण शिकू. शिकवण्याचे पैसे त्यांना त्याच दिवशी द्यायचे. चहापाण्यावर भागवायचं नाही.

वाचनालयाचं काय? महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, मान्यता मिळालेल्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं. तो आपलाच पैसा. तरी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बाई बसलेली मला क्वचितच दिसते. ती पुस्तक पोराकरवी मागवते. प्रदर्शन संपलं की टेबल पुन्हा पुरुषांचं होणार असेल, तर दोन दिवसांच्या हौसेचा काय उपयोग? तेव्हा परवानगी मागायला जाल त्याच दिवशी कार्यकारी मंडळात किती बायका आहेत ते विचारा, दुपारी दोन ते चार दार उघडं ठेवा म्हणा, आणि बायकांसाठी संडास आहे का ते स्वतः आत जाऊन बघून या.

चिठ्ठ्या लिहिताना बाईला विचारा, नाव कसं लिहू? माहेरचं, सासरचं, की नुसतं तुझं? नवऱ्याचं नाव हवंच म्हणाली तर तेही लिहा, वाद घालत बसू नका. कागद तेवढा मोठा घ्या.