रताळ्याचे बेणे निरोगी कसे राखावे?



आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली, की रताळ्याला बाजारात मागणी येते. दोन-चार गुंठ्यांत लावलेले हे पीक घरच्या उपवासाला उपयोगी पडते आणि चार पैसेही देते. पण बरीच वर्षे रताळे लावणाऱ्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते. "पूर्वी या वेलाला चांगले भरलेले कंद धरत. आता नुसता पाला माजतो आणि खाली बोटाएवढी मुळं निघतात." मग कोणी म्हणतो जमीन थकली, कोणी म्हणतो वाण उतरलं. पुष्कळदा दोष जमिनीचाही नसतो आणि वाणाचाही नसतो. दोष असतो बेण्यात शिरलेल्या रोगाचा.

हे कसे होते ते पाहू. ज्वारी-बाजरी आपण बियांपासून घेतो. रताळे मात्र वेलाचा तुकडा लावून घेतो. म्हणजे आजचा वेल हा आजोबांनी लावलेल्या वेलाचाच पुढचा तुकडा. त्या वेलात एकदा विषाणू शिरला, की तो दर हंगामात बेण्याबरोबर शेतात येतो. दुसरा शिरला तर त्याची भर पडते. कंद ठेवून त्याला कोंब आणले तरी सुटका नाही, कारण विषाणू कंदातही असतो.

विषाणू पसरण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक म्हणजे आपले हात, म्हणजे रोगट बेणे. दुसरी म्हणजे मावा आणि पांढरी माशी. पानावर पिसासारखे फिकट ठिपके आणणारा विषाणू मावा नेतो. पानाच्या कडा वर वळवणारा विषाणू पांढरी माशी नेते. हे दोन्ही आपल्या देशात आढळले आहेत. पूर्व आफ्रिकेत, युगांडासारख्या देशांत, असे दिसून आले की पिसासारख्या ठिपक्यांचा विषाणू एकटा असला तर फारसे नुकसान करत नाही. पण वेल खुजा करणारा दुसरा विषाणू जोडीला आला, की उत्पन्न निम्म्याहूनही खाली जाते. म्हणून "थोडे ठिपके आहेत, त्यात काय झालं?" असे म्हणू नये.

आता फवारा मारून वेल बरा होईल का? नाही. विषाणू वेलाच्या आत असतो, त्यावर औषध नाही. मावा तर काही मिनिटांत एका वेलावरून दुसऱ्यावर रोग नेतो. फवाऱ्याने तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. म्हणून खरा उपाय एकच, बेणे निवडून घेणे. त्याच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. पीक दीड-दोन महिन्यांचे झाले की सकाळच्या उजेडात शेतातून हिंडावे. पाने बारीक, सुरकुतलेली, कडा वळलेली, शिरांमध्ये पिवळी पडलेली, किंवा वेल खुजा दिसला, तर तो उपटावा. तो गुरांना घालायला हरकत नाही, कारण हा रोग गुरांना किंवा माणसांना होत नाही. जोमदार वेलांजवळ मात्र काठ्या रोवून खूण करावी.

दुसरी गोष्ट. काही वेल रोगी असूनही निरोगी दिसतात. म्हणून काढणीच्या वेळी खुणेच्या वेलाखाली पाहावे. ज्याखाली कंद भरपूर आणि भरदार, त्याचेच बेणे पुढे चालवावे. आपली चूक होते ती इथेच. चांगले कंद बाजारात जातात आणि उरलासुरला वेल बेण्याला राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बेण्याचा वाफा. उन्हाळ्यात विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर आपण वेल जगवतो. हा वाफा जुन्या रताळ्याच्या शेतापासून होईल तितका दूर असावा. भोवती मक्याच्या दाट ओळी घ्याव्यात. बांधावरची बेशरम आणि गारवेल काढून टाकावी, कारण त्या रताळ्याच्याच कुळातल्या आहेत आणि रोगाला आसरा देतात. टांझानियात काही शेतकऱ्यांनी कमानीवर बारीक जाळी ताणून तिच्याखाली थोडे वेल जपण्याचा प्रयोग केला. आपल्यालाही लहानशा वाफ्यावर हे करता येईल.

चौथी गोष्ट. लावणीसाठी वेलाच्या शेंड्याकडचा, वीतभराहून थोडा मोठा, म्हणजे 25 ते 30 सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. बुडाकडच्या जुन्या वेलात सोंड्या किडीची अंडी असण्याचा संभव अधिक. दोन ओळींत 60 आणि दोन वेलांत 20 सेंटिमीटर अंतर धरले, तर एका गुंठ्याला सुमारे 850 तुकडे लागतात. एवढे तुकडे निवडून घेणे हे घरच्या दोन माणसांचे एका सकाळचे काम आहे.

आता एक नाजूक गोष्ट. शेजारी बेणे मागायला आला तर आपण नाही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण देताना खुणेच्या वेलाचेच द्यावे. घेणाऱ्यानेही संकोच न करता शेत पाहून घ्यावे. रोगट बेणे दिले, तर पुढच्या वर्षी तोच रोग शेजारच्या बांधावरून माशीबरोबर आपल्याच शेतात परत येतो. गावातले सगळेच बेणे थकले असेल, तर थोडे नवे बेणे कृषी विद्यापीठाकडून आणावे. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण अश्विनी ही जात आपल्याकडचीच आहे. नवे बेणे मात्र जुन्याच्या शेजारी लावू नये.

शिक्षक मित्रहो, तुम्हांला एक विनंती. शाळेच्या बागेत दोन सरी रताळे लावा. एक निवडलेल्या बेण्याची, दुसरी न निवडलेल्या बेण्याची. खत-पाणी सारखे द्या. मुलांना दर आठवड्याला पाने पाहून वहीत टिपू द्या आणि साडेतीन-चार महिन्यांनी दोन्ही सऱ्यांचे कंद पालकांसमोर तराजूत घाला. आमच्या भाषणाने जे पटणार नाही, ते तराजू पटवील.

बंधुभगिनींनो, यात पैशाचा खर्च जवळजवळ नाही. काठ्या आपल्याच बांधावरच्या आणि डोळे आपलेच. यंदाच्या काढणीला तेवढे ध्यानात ठेवा, की पहिला चांगला वेल बेण्याचा, मग बाकीचा बाजाराचा.