शेततळ्यातले मासे, धातू आणि नॅनो कण



फवारणी उरकली की पंप धुवायचा कुठं? तळं जवळ असलं तर तळ्याच्या काठावरच. मोरचुदाचा द्राव असो की आणखी काही, उरलंसुरलं तिथंच ओतलं जातं. त्याच तळ्यात आपण रोहू, कटला, सिप्रिनस सोडलेले असतात.

आता 2021 पासून नॅनो युरिया आला, त्यामागून नॅनो डीएपी आलं. नॅनो म्हणजे किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा शंभरेक भागांपर्यंतचा कण तो नॅनो कण. रंगात, अंगाला लावायच्या मलमातही टिटॅनियम डायऑक्साइडचे असे कण असतात आणि सांडपाण्याबरोबर ते ओढ्यानाल्यात उतरतात.

वस्तू जितकी बारीक, तितका तिचा पृष्ठभाग जास्त. पाण्यातले कॅडमियम, तांबे यांसारखे धातू या पृष्ठभागाला चिकटून बसतात. चीनमधला एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. सिप्रिनस मासे कॅडमियमच्या पाण्यात 25 दिवस ठेवले. दुसरीकडे कॅडमियम तेवढेच, पण जोडीला टिटॅनियम डायऑक्साइडचे नॅनो कण. या दुसऱ्या माशांत कॅडमियम जवळजवळ अडीच पट साठले. कणांऐवजी साधा गाळ घातला तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. कल्ले आणि पोटातले अवयव यांत साठा जास्त दिसला.

असे का होते? माशाच्या शरीरातली पेशी बाहेरचा बारीक कण गिळू शकते. कणाच्या पाठीवर बसलेला धातूही मग फुकटात आत जातो. पेशीच्या आत आम्ल असते, त्यात तो कणापासून सुटतो आणि पेशीला इजा करतो. दर वेळी असेच घडते असे नाही. काही प्रयोगांत कणाने धातू घट्ट धरून ठेवला आणि इजा उलट कमी झाली. कण कोणता, धातू कोणता, पाणी कसे, यावर सारे आहे. युरियाचा कण वेगळा, टिटॅनियमचा वेगळा; तेव्हा नुसत्या नावाला बिचकू नका.

पाण्याचं म्हणाल, तर ज्या पाण्यात साबणाला लगेच फेस येतो त्या हलक्या पाण्यात तांबे माशांना जास्त बाधते. कोकणातल्या मंडळींनी शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाकण्याआधी दहादा विचार करावा. पंप आणि डबे तळ्यापासून लांब, बांधाच्या आत धुवा. शेतातलं पाणी थेट तळ्यात उतरत असेल तर चर खणून वळवा. कारखान्याच्या नाल्याचं पाणी तळ्यात घेऊच नका. जुन्या बॅटऱ्या आणि रंगाचे डबे काठावर टाकू नका. मासा साफ करताना कल्ले आणि आतडी टाकून द्यावीत.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर बहुधा प्राणवायू कमी पडलेला असतो. पाणी खळबळवा, ताजं पाणी सोडा. पण दुपारीही तसेच राहिले, कल्ल्यांवर चिकट थर दिसला, तर थांबू नका. रोगानेही असे होते, म्हणून अंदाजाने औषध ओतू नका. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत पाण्याचा नमुना भरा, दोन-चार मासे बर्फात ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात घेऊन जा. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या तळ्यातला मासा बाजारात नेऊ नका.