कार्ल वायरश्ट्रास : शाळेतील शिक्षक आणि विश्लेषणाचा शिल्पकार



सीमा, सातत्य आणि अनंत प्रक्रिया यांचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेला विश्लेषण म्हणतात. या शाखेला आज जगभर शिकवले जाणारे काटेकोर रूप ज्यांच्यामुळे मिळाले, ते जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास जवळजवळ चाळिशीपर्यंत माध्यमिक शाळेत शिकवत होते, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्यासारखे आहे. त्यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1815 रोजी वेस्टफालिया प्रांतातील ओस्टेनफेल्डे या गावी झाला. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला असल्यामुळे मुलानेही प्रशासकीय सेवेत जावे अशी त्यांची इच्छा होती. पाडरबोर्नच्या शाळेत असतानाच कार्ल हे क्रेले यांचे गणिताचे प्रसिद्ध जर्मन नियतकालिक वाचू लागले होते; तरीही 1834 मध्ये त्यांना बॉन विद्यापीठात कायदा आणि अर्थव्यवहार शिकण्यासाठी पाठवण्यात आले, तेथे त्यांची चार वर्षे बरीचशी तलवारबाजीत व मित्रमंडळीत गेली, आणि पदवी न घेताच ते घरी परतले.

त्या चार वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो पूर्णतः न्याय्य नाही. वर्गातील विषयांकडे पाठ फिरवलेल्या या तरुणाने त्याच काळात लाप्लास यांचा खगोलीय यामिकीवरील ग्रंथ आणि याकोबी यांचे लंबवर्तुळीय फलनांवरील लेखन स्वतःच्या बळावर वाचले होते. (लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी काढू गेल्यास जी समाकले निर्माण होतात, त्यांच्या व्यस्त रूपांतून ही फलने येतात.) पुढे शिक्षक होण्याची परीक्षा द्यावी म्हणून 1839 मध्ये ते म्युन्स्टरला गेले, तेथे क्रिस्टोफ गुडरमान यांच्याकडे हाच विषय पद्धतशीरपणे शिकले, आणि परीक्षेसाठी त्यांनी लिहिलेल्या निबंधाची गुडरमान यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली.

त्यानंतर शाळेची वर्षे सुरू झाली. म्युन्स्टरमधील उमेदवारीनंतर 1842 ते 1848 डॉइच क्रोने आणि 1848 ते 1855 ब्राउन्सबेर्ग, अशा दोन लहान गावांत ते शिक्षक होते. ही दोन्ही गावे आज पोलंडमध्ये आहेत. गणिताबरोबरच त्यांना भौतिकी, वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास आणि मुलांची व्यायामाची व सुलेखनाची तासिकाही घ्यावी लागे. ज्याच्याशी गणिताविषयी बोलावे असा सहकारी जवळ नव्हता आणि गणिताचे ग्रंथालयही नव्हते. या कंटाळवाण्या एकाकीपणाबद्दल त्यांनी पुढे कडवटपणे लिहिले आहे. शाळा सुटल्यावर, बहुधा रात्री, आबेलच्या फलनांवरील त्यांचे काम चालत असे. लंबवर्तुळीय फलनांचे अधिक व्यापक रूप म्हणजे ही फलने, आणि त्या काळातील थोर गणितज्ञांनाही त्यांचा प्रश्न अवघड वाटत होता.

त्या काळी प्रशियातील शाळा दरवर्षी एक वार्षिक पुस्तिका छापत असत आणि तिच्यात शाळेच्या अहवालासोबत एखाद्या शिक्षकाचा अभ्यासपूर्ण लेखही असे. वायरश्ट्रास यांनी डॉइच क्रोने येथील पुस्तिकेत एक लेख दिला, आणि ब्राउन्सबेर्ग येथील 1848-49 च्या पुस्तिकेत आबेलच्या समाकलांवरील आपले महत्त्वाचे विचार मांडले. मात्र शाळेच्या पुस्तिकेत असे काही असेल याची कल्पना नसल्याने गणितज्ञांच्या जगाने त्यांची दखल घेतली नाही. पुढे पाच वर्षांनी, 1854 मध्ये, क्रेले यांच्या नियतकालिकात त्यांचा आबेलच्या फलनांवरील लेख प्रसिद्ध झाला आणि एका अनोळखी शाळामास्तराचे नाव युरोपभर झाले. क्योनिग्सबेर्ग विद्यापीठाने त्याच वर्षी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, 1856 मध्ये ते बर्लिनला आले, आणि 1864 मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांना तेथील विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळाले.

या सनावळीतून विद्यार्थ्यांनी एकच गोष्ट उचलावी, आणि ती कितीही वेळा सांगितली तरी पुरेशी होणार नाही : समजण्याच्या बाबतीत घाई करू नये. परीक्षेची घाई, निकालाची घाई, शेजारच्या मुलाच्या पुढे जाण्याची घाई यांनी आज तरुण वयाचा कबजा घेतला आहे, आणि सातवीतल्या मुलाला दहावीच्या व आठवीतल्या मुलाला प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला बसवणारे पालकही या सभागृहात असतील. त्यांच्या काळजीबद्दल आदर राखूनच म्हणावे लागते की, जी गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती त्याला आलेली नसते, मग उत्तरपत्रिकेवर गुण कितीही असोत.

प्रस्तुत वक्त्याला हे ज्ञान बर्लिनच्या इतिहासातून प्रथम मिळाले नाही, ते याच शाळेत मिळाले. मैदानाकडे खिडक्या असलेल्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात भूमिती शिकवणारे शिक्षक फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रमेयाचे विधान लिहीत आणि वर्गातील एखादा विद्यार्थी पुस्तकाकडे न पाहता ते आपल्या भाषेत सांगेपर्यंत त्याला डस्टर लावू देत नसत, त्यामुळे दुसऱ्या तुकडीचा पोर्शन संपून उजळणी सुरू झाली तरी या तुकडीचे वर्तुळ अजून चाललेले असे. पालकसभेत त्याबद्दल तक्रारीही होत, आणि सर शांतपणे ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विधान डाव्या कोपऱ्यात लिहीत. त्या काळातील काही निवृत्त शिक्षक आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याकडे पाहताना नियोजित व्याख्यानातील बराच भाग मागे पडतो, आणि तसे व्हावे हेच योग्य आहे.

विषयाचा गाभा तरीही थोडक्यात सांगणे भाग आहे. अमुक राशी तमुक संख्येच्या ‘जवळ जाते’ असे पूर्वी सर्रास म्हटले जाई, परंतु जवळ म्हणजे किती, हे नेमके ठरलेले नव्हते. बोल्झानो आणि कोशी यांनी त्या दिशेने पावले टाकली होती. वायरश्ट्रास यांनी गती आणि जवळीक यांची भाषाच बाजूला सारून केवळ असमतांची भाषा आणली. चालू शकणारी चूक म्हणून कोणीही कितीही लहान धन संख्या सुचवावी, तिला एप्सिलॉन म्हणावे, आणि मग मूळ बिंदूपासून किती अंतराच्या आत राहिल्यास चूक तेवढ्यापेक्षा कमी राहील ती डेल्टा ही संख्या दाखवून द्यावी. ती प्रत्येक वेळी दाखवता आली तरच सीमा आहे असे म्हणावे. या शिस्तीमुळे काय हाती लागते हे त्यांनी जुलै 1872 मध्ये बर्लिनच्या अकादमीत दाखवले. त्यांनी तेथे मांडलेल्या फलनाचा आलेख कोठेही तुटत नाही, पण त्याच्या एकाही बिंदूवर स्पर्शिका काढता येत नाही, आणि नजरेला पटते ते खरे असलेच पाहिजे हा समज त्यामुळे कायमचा संपला.

1861 च्या अखेरीस प्रकृती ढासळल्यानंतर ते खुर्चीत बसून व्याख्यान देत आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिहीत असे. छापण्याबाबत ते फार सावध असल्याने त्यांचे अनेक सिद्धांत विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्यांमधूनच युरोपभर पोहोचले, म्हणजे ज्या मुलांनी वर्गात नीट टिपणे काढली त्यांच्यावर गणिताच्या इतिहासाचा काही भार होता. 1870 मध्ये बर्लिनला आलेल्या रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया यांना स्त्री म्हणून विद्यापीठाने वर्गात बसू दिले नाही, तेव्हा वायरश्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे खासगी रीतीने शिकवले. 1874 मध्ये त्यांना ग्योटिंगेनची डॉक्टरेट मिळाली आणि पुढे त्या स्टॉकहोम विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. डावीकडे बसलेल्या विद्यार्थिनींनी हे नाव लिहून घ्यावे, त्यांचे चरित्र स्वतंत्रपणे वाचण्यासारखे आहे. स्वतः वायरश्ट्रास यांनी सत्तरीला टेकलेले असताना, 1885 मध्ये, बंदिस्त अंतरालावरील कोणतेही संतत फलन बहुपदीच्या साहाय्याने हव्या तितक्या अचूकपणे गाठता येते हा सिद्धांत सिद्ध केला. 19 फेब्रुवारी 1897 रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

आज येथे प्रकाशित झालेल्या शाळेच्या वार्षिकांकात कविता, प्रवासवर्णने, क्रीडावृत्त आणि गुणवंतांची छायाचित्रे आहेत, परंतु गणिताचे एकही पान नाही. पुढील वर्षापासून अंकात चार पाने गणितासाठी राखून ठेवावीत, त्यांपैकी एकावर शाळेतीलच एखाद्या शिक्षकाने लिहावे आणि उरलेल्यांवर विद्यार्थ्यांनी एखादे प्रमेय स्वतःच्या शब्दांत मांडावे, अशी संपादक मंडळाला विनंती आहे. त्या पानांच्या छपाईचा खर्च देण्याचे प्रस्तुत वक्त्याने मुख्याध्यापकांजवळ मान्य केले आहे.