मुलांच्या शेजारची रिकामी जागा





चित्रपट, मालिका आणि मोबाइल यांचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर पुढचे दोन दिवस आपण बोलणार आहोत. अशी परिषद पुण्या-मुंबईत शोभते, इथे मालवणच्या किनाऱ्यावर कशाला, असं तयारी चालू असताना काही जणांनी विचारलं. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोड्याची आठवण करून दिली. कादंबरीकार वि. स. खांडेकर 1920 साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत तिथे राहिले. त्याच काळात, 1936 साली, त्यांच्या कथेवरचा ‘छाया’ हा चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक होते मास्टर विनायक. नाटक-सिनेमाच्या नादाने पोरं बिघडतात, असं घरोघर बोललं जाण्याचे ते दिवस. शिरोड्यासारख्या गावात मुलांना शिकवणारा एक शिक्षक तेव्हा बोलपटाची कथा लिहीत होता. मुलं जे बघणार आहेत, ते लिहिण्यात शिक्षकाचा हात असावा, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

पुढे 1953 साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट आला. मूळ पुस्तक साने गुरुजींचं. गुरुजी पालगडचे, म्हणजे आपल्याच कोकणातले, आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक. चित्रपट केला आचार्य अत्र्यांनी, तेही पुण्यात मुख्याध्यापक राहिलेले. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. त्या पदकापेक्षाही मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तो चित्रपट आई, मुलगा, आजी, शेजारीपाजारी असे एकत्र बसून बघत आणि एकत्र रडत. थिएटरमधून घरी येताना वाटेत बोलणं व्हायचं. मुलाला काय टोचलं, ते आईला कळायचं.

हे एकत्र बघणं आपल्या जिल्ह्याला दशावताराने फार आधी शिकवलं होतं. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर धयकालो, म्हणजे दशावताराचा रात्रभराचा खेळ. मुलं आजीच्या मांडीवर झोपायची आणि संकासुर आला की दचकून उठायची. आजी सांगायची, ‘भिया नको, तो आपलोच माणूस.’ मोठी पोरं रंगपटात डोकावायची. पेटाऱ्यातून साडी निघते, मिशी उतरवलेला बाप्या तिथे राणी होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. सकाळी दहीकाला झाला की रात्रीचा राजा तोंडावरचा रंग पुसून एसटीची वाट बघत चहा पीत उभा. नट वेगळा आणि सोंग वेगळं, हा धडा आठ-दहा वर्षांच्या मुलाला कुणी न शिकवता मिळायचा. धयकाल्यात सगळं चांगलंच होतं, असं मी म्हणणार नाही. मारकाट होती, विनोद पुष्कळदा घसरायचा. पण मूल एकटं नव्हतं, आणि आख्यान शेवटापर्यंत चालायचं. माजलेल्या राक्षसाचं पुढे काय झालं, ते पहाटेपर्यंत बसलेल्या मुलाला कळायचं. 2025 साली ‘दशावतार’ चित्रपट आला तेव्हा तीन-तीन पिढ्या एकत्र तो बघायला गेल्या. त्या बघण्याची भूक अजून आहे, हे त्यावरून मला पटलं.

शेवट कळणं का महत्त्वाचं, याला प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवायला लावलं. नंतर मुलांना तीच बाहुली दिली, तेव्हा त्यांनीही तिला तसंच बडवलं. 1963 साली तेच दृश्य चित्रफितीवर दाखवलं, तरी मुलं तशीच वागली. मग 1965 साली त्यांनी काही मुलांना मारणाऱ्याला शिक्षा होतानाही दाखवलं, आणि त्या मुलांनी आपणहून नक्कल कमी केली.

आता ‘सैराट’ आठवा. 29 एप्रिल 2016 रोजी तो प्रदर्शित झाला. शाळकरी मुलं यातून पळून जायला शिकतील, अशी ओरड झाली. मला ती ओरड अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी शेवटची जी मिनिटं दाखवली, ती पाहिलेलं मूल पळून जाण्याचं स्वप्न घेऊन बाहेर पडत नाही. ते रक्ताची छोटी पावलं बघून बाहेर पडतं. पण वरातीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, फोनवर पोचलं ते फक्त ‘झिंगाट’. गाणं चित्रपटापासून तुटलं, नायिका आर्चीचा रुबाब तिच्या मरणापासून तुटला. परिणामाची चर्चा करताना आपण अख्ख्या चित्रपटाला आरोपी करतो; मुलांच्या हाती येतो तो त्याचा तुकडा. आज तर सगळंच तुकड्यांनी येतं. मारामारीचे तीस सेकंद येतात, त्यात तुरुंग नसतो. भन्नाट गाडी येते, अपघात येत नाही. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रासमोरच्या खडकावर उभं राहून रील करणारा पोरगा अशाच कुठल्या तरी तुकड्याची नक्कल करत असतो.

हे तुकडे मुलांपर्यंत आणतं कोण? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की मासळी किनाऱ्यावर येते आणि सगळ्यांच्या देखत निवडली जाते. फोनमध्ये निवडणारा दिसतच नाही. कुठल्या चित्रावर बोट किती वेळ थांबलं याची नोंद होते आणि पुढचं त्याच जातीचं येतं. गोरं होण्याच्या क्रीमवर थांबलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला दिवसभर गोऱ्या मुलीच दिसतात. मग आरशातला आपला चेहरा तिला परका वाटू लागतो. शाळेत हुशार असलेल्या, आईला मासे विकायला मदत करणाऱ्या मुलीही आपल्या रंगाची लाज वाटते म्हणून फोटोतून बाजूला होतात. ते बघून मला फार वाईट वाटतं.

आणि आता आपल्या घरातलंच बोलतो. 2016 साली आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण झालं. मालिका सुरू होताच जिल्ह्याची बदनामी होते म्हणून निषेध झाले. पुढे तोच वाडा बघायला पर्यटकांची रीघ लागली. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ नाटकातून मालवणी बोली रंगभूमीवर गाजवली, त्यानंतर या मालिकेने ती रोज रात्री महाराष्ट्रभरच्या घरांत नेली, याचा मला अभिमान आहे. त्यातल्या कलावंतांचं काम उत्तम होतं, हेही मी मोकळेपणाने म्हणतो. पण रात्री साडेदहाला ती मालिका बघत बसलेल्या आमच्या मुलांना आपल्या गावाचं कुठलं चित्र मिळालं? करणी, भुतं, जमिनीची भांडणं. मे महिन्यात मुंबईहून आलेली चुलत भावंडं विचारतात, तुमच्याकडे खरंच भुतं असतात काय रे? आणि इथली मुलं हळूहळू हो म्हणायला लागतात. दुसऱ्याने रंगवलेलं चित्र मूल असं आपलंसं करतं. मालिकेवर बंदी हा त्यावरचा इलाज नव्हता. त्या मुलांना कोकणाची दुसरी चित्रंही मिळायला हवी होती, आणि ती होती. डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कोकणातल्या मुलाची आणि त्याच्या आजोबांची गोष्ट सांगणारा ‘श्वास’ 2004 सालीच येऊन गेला होता. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ 2014 साली बर्लिनला गेला आणि तिथल्या मुलांच्याच ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. जर्मनीतल्या मुलांना कोकणातल्या एका मुलाचं एकटेपण कळलं. आमच्या किती शाळांनी तो मुलांना दाखवला?

कायदे होत आहेत. चित्रपट कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने चित्रपटांना सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील अशा वयाच्या पायऱ्या आल्या. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. हे हवंच. पण थिएटरच्या दारावर तिकीट तपासणारा असतो, माजघरातल्या गोधडीखाली कोणी नसतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांसाठीही आणि मोठ्यांसाठीही. मला त्यातलं ‘मोठ्यांसाठीही’ सर्वात मोलाचं वाटतं. बाप स्वतः फोनमध्ये मान घालून मुलाला अभ्यासाला बस म्हणतो, तेव्हा मूल त्याचे शब्द ऐकत नाही, त्याची मान बघतं. ‘बालक-पालक’ या चित्रपटात मुलांनी चोरून अश्लील चित्रपटाची कॅसेट आणली, कारण त्यांच्या प्रश्नांना घरात कोणी उत्तर देत नव्हतं. कॅसेट गेली, घरातलं ते मौन अजून आहे, आणि ते तोडायचं काम कुठल्याही कायद्याला करता येणार नाही.

म्हणून या परिषदेची आखणी आम्ही थोडी वेगळी केली आहे. पहिलं सत्र मुलांचं आहे. ती काय बघतात, का बघतात, कशाची भीती वाटते, हे ती सांगतील. त्या तासात मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही आणि फोन बंद ठेवायचे, ही माझी हात जोडून विनंती. संध्याकाळी ‘किल्ला’ दाखवू. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या शेजारी बसायचं आहे, मागे खुर्च्या टाकून नाही. उद्या सकाळी दशावतारी कलावंत मुलांसमोर रंग लावतील, आणि त्यानंतर मुलं स्वतः, फोनवरच, आपल्या वाडीची तीन मिनिटांची गोष्ट चित्रित करतील. मालवणी बोलायची मुभा आहे, किंबहुना आग्रह आहे.

जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे. लांबून आलेल्या शिक्षकांनी मुक्कामाच्या खोल्यांसाठी दाराजवळच्या स्वयंसेवकांना भेटावं. मी आता परिषदेच्या अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी पहिल्या सत्राच्या मुलांना व्यासपीठावर बोलवावं.