फॅट किती लागलं?

‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम’ या विषयाला मराठीत ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ म्हणतात. दोन्ही नावं ऐकून मुलं सारखीच दचकतात. तालुक्याच्या गावातल्या कॉमर्स कॉलेजात मी हा विषय शिकवतो. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं असतात. त्यातल्या निम्म्यांना वाटतं की हा कॉम्प्युटरचा विषय आहे, तेव्हा लॅबमध्ये गेल्यावर बघू. उरलेल्यांना वाटतं की हा पाठांतराचा विषय आहे. डेटा आणि माहिती यांतला फरक पाच मुद्द्यांत लिहायचा, की झालं.

पुस्तकंही या समजुतींना खतपाणी घालतात. पहिल्याच प्रकरणात एक त्रिकोण भेटतो. तळाला रोजचे व्यवहार सांभाळणारे, मध्ये देखरेख करणारे आणि टोकाला धोरण ठरवणारे. रॉबर्ट अँथनी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६५ मध्ये नियोजन आणि नियंत्रणाचे असे तीन थर मांडले, त्यावरून हा त्रिकोण रूढ झाला. त्रिकोण काही चुकीचा नाही. पण तो फळ्यावर काढला की मुलं वहीत उतरवून घेतात, खाली दुहेरी रेघ मारतात आणि त्यांच्यापुरता विषय तिथंच मिटतो.

मग उदाहरण द्यावं म्हणून आम्ही मास्तर मंडळी मुंबईच्या डबेवाल्यांकडे वळतो. डबेवाल्यांचं काम थोरच आहे, पण मुलांनी ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की डब्यावरच्या खुणांचा विषय निघाला की मागच्या बाकावर जांभया सुरू होतात. त्यापेक्षा हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीची गोष्ट बरी रंगते. १९९९ मध्ये या कंपनीनं हॅलोविन सणाच्या हंगामाच्या तोंडावर नवी संगणक प्रणाली सुरू केली. चॉकलेट गोदामात आणि ऑर्डरी कागदावर अशी स्थिती होऊन सुमारे दहा कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचवता आला नाही. आमच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा हे ऐकून म्हणाला, “सर, दिवाळीच्या आठवड्यात आम्ही दुकानातलं फडताळसुद्धा हलवत नाही.” वर्ग हसला, आणि त्या हसण्यात अर्धं प्रकरण शिकवून झालं.

तरी अमेरिका ती अमेरिकाच. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी गोठा आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून गेली काही वर्षं पहिल्या तासाला मी पुस्तक उघडतच नाही. येताना दुधाची पावती घेऊन या, एवढंच आदल्या दिवशी सांगतो.

बोटभर रुंदीची ती पावती. तिच्यावर तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, मग दर आणि रक्कम. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, म्हशीचा ६ आणि ९ धरून. त्याच्या वर-खाली गेलं की दर वाढतो किंवा उतरतो. हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे पहिली दहा मिनिटं तीच मला शिकवतात.

मग मी विचारतो, हे आकडे बघून कोण काय ठरवतं? घरची माणसं ठरवतात की पेंड वाढवायची का. संस्थेचा सचिव दिवसाची बेरीज बघून एकूण दूध आणि कॅनचा हिशोब जुळवतो, दहा दिवसांचं बिल काढतो, त्यातून पेंडीचे पैसे वळते करतो. संघाला एकेका म्हशीचं फॅट नको असतं. कुठल्या मार्गावर दूध वाढतंय, टँकर कुठं पाठवायचा, उन्हाळ्यात दूध घटल्यावर काय करायचं, हे त्यांना ठरवायचं असतं. आकडे तेच, पण वर जाताना त्यांच्या बेरजा होतात, काही गळतात. फळ्यावर मी त्रिकोण काढायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, “सर, हा तर ढीगच झाला. खाली रुंद, वर निमुळता.”

त्यानंतर सहा जणांना पुढं बोलावतो. एक दूध घालणारा, एक नमुना घेणारा, एक मशीनवर, एक पावती काढणारा, एक टँकरवाला, एक चेअरमन. कागदाच्या चिठ्ठ्या या हातातून त्या हातात जातात. कॉम्प्युटर अजून आलेला नसतो, तरी सगळी प्रणाली वर्गात उभी असते. इथंच मी नमुना घेणाऱ्याला थांबवतो. दूध न ढवळता वरचं घेतलं तर फॅट जास्त दिसणार, तळाचं घेतलं तर कमी. मशीन बिचारं जे मिळेल ते मोजतं आणि सुबक छापून देतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ‘डेटाची विश्वासार्हता’ हा मुद्दा त्यानंतर निराळा सांगावा लागत नाही.

घरी करायचं काम म्हणजे महिनाभराच्या पावत्या एक्सेलमध्ये भरून आलेख काढायचा. अहवाल हल्ली फोनमधलं एआय लिहून देतं, त्यामुळे मी अहवाल मागतच नाही. मी पावत्या मागतो आणि समोर बसवून दोन प्रश्न विचारतो. गावात राहणारी, गोठा नसलेली मुलं औषधाच्या दुकानात मुदत संपलेल्या मालाची नोंद बघून येतात, नाहीतर मेसच्या वहीत डोकावतात. चालतं.

एका मुलीच्या घरी आई आणि डेअरी यांच्यात फॅटवरून कायमची धुसफूस होती. तिच्या आलेखात संध्याकाळची रेघ बहुतेक वेळा सकाळच्या वर होती. धारांमधलं अंतर कमी असलं की फॅट जास्त येतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण काही दिवशी रेघ एकदम खाली आलेली. तिनं आईला तारखा दाखवल्या. त्या दिवशी शेवटची धार वासरासाठी सोडलेली असायची, आणि सगळ्यात जास्त फॅट असतं ते शेवटच्या धारेत. आईनं वासराला सोडणं थांबवलं नाही. पण डेअरीवरचा तिचा राग बराच निवळला.

दुसऱ्या एका मुलाच्या पावत्यांवर मात्र सलग नऊ दिवस गाईचं फॅट ३.६ होतं. सकाळीही, संध्याकाळीही. जिवंत जनावराचं दूध इतकं शिस्तीत चालत नाही. त्यानं चौकशी केली. त्या आठवड्यात वीज येत-जात होती, मशीन बंद असायचं, आणि पावती काढणारा आदला आकडा हातानं भरत होता. यात लबाडी होतीच असं नाही. पण पावतीवर मोजलेला ३.६ आणि भरलेला ३.६ दोन्ही सारखेच दिसत होते, आणि दहा दिवसांचं बिल त्यावरच निघालं होतं. पोरगा वर्गात हे सांगत होता तेव्हा मागचे बाकही शांत होते, कारण प्रत्येकाच्या खिशात तशीच एक पावती होती.

वडिलांना घेऊन तो संस्थेत गेला. भांडायला नव्हे, एक सूचना घेऊन: हातानं भरलेल्या आकड्यापुढं ‘ह’ छापा. सचिवांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. बदल व्हायला तीन आठवडे गेले. तोवर पावतीवर पेनानं ‘ह’ लिहून देत होते.