गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहखर्च यांचा ऊहापोह पुष्कळ झाला. आज आम्ही मांडीत आहोत तो विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. त्यांची क्षमा मागून सांगतो, की या संकोचापायीच अनेक भगिनी हातच्या गेल्या आहेत.

२०२२ साली या रोगाने जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या. त्यांपैकी शेकडा ९४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. वास्तविक हा रोग एका रात्रीत येत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रीपुरुषांस केव्हातरी होतो आणि बहुधा आपोआप जातो. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो. मग पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलाचा कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. तेव्हा रोगावरून कोणाच्या शीलाविषयी कुजबुज करणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

श्रीमंत देशांनी पॅप तपासणीने हा रोग आटोक्यात आणला. तीस प्रयोगशाळा व तज्ज्ञ लागतात. ते खेडोपाडी कोठून आणावेत? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत निराळा मार्ग चोखाळला. व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, सौम्य करून, गर्भाशयमुखास लावावयाचे. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केले. दर दोन वर्षांनी तपासणी होत गेली, आणि या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.

तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातही १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या सुमारे ३४ हजारांच्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. पॅप अथवा आम्लाच्या एकवारच्या तपासणीने मात्र तेथे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. ज्यांस तपासणी मिळालीच नाही त्यांच्या बाजूने पुढे टीका झाली, ती आम्हांस रास्त वाटते.

इतके पुरावे आपल्याच मुलखात असूनही २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. आपल्या घरांत निराळे काय आहे? पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले, संबंधानंतर रक्त दिसले, तरी गृहिणी म्हणते, "एवढे लग्न उरकू दे." आणि तपासणी तर कसलीच तक्रार नसलेल्या स्त्रीसाठी आहे! बिघाड लवकर सापडल्यास तेवढा भाग उष्णतेने जाळता येतो, पिशवी काढावी लागत नाही.

९ ते १४ वयाच्या मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लसही २०२३ मध्ये आली. लस घेतलेल्या मुलीसही पुढे तपासणी चुकत नाही.

तेव्हा मंडळाच्या वैद्यकीय निधीतून तिशीपुढील भगिनींसाठी विषाणूतपासणीचे शिबिर भरवावे, आणि दोष आढळल्यास तिच्या उपचाराचा खर्चही त्याच निधीतून व्हावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. नावनोंदणीची वही महिला शाखेच्या चिटणीसबाईंकडे राहील. ती पुरुषांनी चाळू नये.